तट कोणासाठी?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशातील पांढुर्णा या गावी जाम नदीच्या पात्रात पळसाचे एक झाड रोवतात. त्या झाडाला तेथे झेंडा म्हणतात. नदीच्या एका काठी पांढुर्णा आणि दुसऱ्या काठी सावरगाव. सकाळी झेंड्याची पूजा होते आणि मग दोन्ही काठांवरून दगडांचा वर्षाव सुरू होतो. पांढुर्ण्याच्या लोकांनी पात्रात शिरून ते झाड तोडायचे व चंडीमातेच्या देवळात नेऊन वाहायचे, आणि सावरगावच्या लोकांनी दगड मारून त्यांना मागे रेटायचे, असा हा गोटमारीचा उत्सव आहे. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात. चंडीच्या देवळातील भस्म जखमेला लावून कित्येक जण पुन्हा पात्रात उतरतात. काहींना मात्र परत उतरता येत नाही. गेल्या सत्तर वर्षांत या खेळाने दहाहून अधिक माणसांचे प्राण घेतले असून १९७८ व १९८७ या दोन वर्षी पोलिसांना तेथे गोळीबार करावा लागला होता.

गोमंतकीय वाचकाला पांढुर्णा व सौंसर ही नावे कदाचित अपरिचित असतील. सातपुड्याच्या दक्षिण उतरणीवरील कापसाचा व संत्र्यांचा हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि भाषेने तो आजही बव्हंशी मराठी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्ह्याबरोबर हे दोन तालुके मात्र मध्य प्रदेशात राहिले. २०२३ साली त्यांचाच पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याची सीमा मध्ये आली, तरी पोळा, मारबत आणि घरातली बोली यांनी ती कधी मानली नाही. अशा या भागातील एका दिवसाच्या दगडफेकीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधीत आहोत ते तिच्या विचित्रपणासाठी नव्हे. वेढा, तट, चढाई आणि तह या गोष्टी ज्या समाजाने शतकानुशतके भोगल्या, त्याच्या स्मृतीत त्या कोणत्या रूपाने उरतात, हे तेथे पाहावयास मिळते. आणि आज जगातील एकामागून एक शहर युद्धभूमी होत असताना ती स्मृती तपासून पाहणे निरर्थक ठरणार नाही.

गोटमारीच्या उगमाविषयी लोक एकाहून अधिक कथा सांगतात. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून नेले, नदी ओलांडताना मुलीकडच्यांनी दोघांवर दगड फेकले आणि मुलाकडचे त्यांच्या बचावाला धावले, ही कथा सर्वांच्या तोंडी आहे. दुसरी कथा किल्ल्याची आहे. येथील गोंड किल्ल्यावर भोसल्यांची फौज चालून आली, आतल्यांची शस्त्रे संपली, तेव्हा त्यांनी दगडांचा मारा करून ती फौज परतविली, असे सांगतात. भोसल्यांचे शिपाई नदीत निशाण रोवून सरावासाठी दगडांची लढाई खेळत, असेही कोणी म्हणतात. यांतील कोणतीही कथा कागदपत्रांनी सिद्ध होण्याजोगी नाही. परंतु तिन्हींत एक गोष्ट समान आहे: एक जागा राखावयाची आहे, बाहेरचा ती घेऊ पाहत आहे आणि राखणाऱ्यापाशी दगडावाचून काही उरलेले नाही. वेढ्यात सापडलेल्या वस्तीचे याहून नेमके वर्णन करता येणार नाही.

मात्र गोटमारीची एक बाजू वर्तमानपत्रांतील रक्ताळलेल्या छायाचित्रांत कधी दिसत नाही. दिवस कलला आणि झेंडा तुटला नाही, तर दोन्ही काठांवरची जाणती माणसे एकत्र येतात आणि परस्परसंमतीने ते झाड चंडीच्या देवळात पोहोचविले जाते. जिंकणे-हरणे तेथे संपते. दुसऱ्या दिवशी बाजार तोच, शेताची वाट तीच आणि सोयरिकीही त्याच. ज्याच्या डोक्यात काल दगड घातला त्याच्या शेजारी उद्या बसावयाचे आहे, हे दोन्ही काठांना ठाऊक असते. खेळ क्रूर आहे, त्याचे समर्थन होऊ शकत नाही; पण तो कोठे थांबवावयाचा, हे त्या खेळाला कळते. आधुनिक युद्धाला नेमके तेवढेच कळत नाही.

नागपूरचा तट

या भागाचा इतिहास आणि नागपूर शहराचा इतिहास एकाच मुळातून निघाले आहेत. छिंदवाडा जिल्ह्यातील देवगड हे गोंड राजांचे ठाणे. तेथील बख्तबुलंद राजाने अठराव्या शतकाच्या प्रारंभी काही खेड्यांच्या जागी नागपूर वसविले आणि त्याचा वारस चांद सुलतान याने शहराभोवती तट घातला. पुढे रघूजी भोसल्यांनी तेथे राजधानी केली. या तटाची खरी परीक्षा डिसेंबर १८१७ मध्ये झाली.

२६ व २७ नोव्हेंबर १८१७ रोजी सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांनी भोसल्यांच्या संख्येने कितीतरी मोठ्या फौजेला हटविले. त्यानंतर जनरल डव्हटन मोठे सैन्य घेऊन आला आणि १६ डिसेंबर रोजी अप्पासाहेब भोसले स्वतः इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले. राजा शरण गेला, फौज उधळली. तरी शहर पडले नाही. भोसल्यांच्या पदरचे अरब शिपाई आणि त्यांच्याबरोबर इतर काही हजार लोक शहराच्या आतल्या भागात ठाण मांडून बसले. त्यांचा पगार थकला होता आणि तो मिळाल्यावाचून, आपल्या जीविताची व मालमत्तेची हमी मिळाल्यावाचून बाहेर पडावयास ते तयार नव्हते. इंग्रजांनी तोफा लावल्या. २४ डिसेंबर रोजी जुम्मा दरवाजावर हल्ला चढविला. आज महालात गांधी दरवाजा म्हणून जो ओळखला जातो तोच हा दरवाजा. तो हल्ला फसला. इंग्रजांची शेकडो माणसे मृत व जखमी झाली आणि त्यांना माघार घ्यावी लागली. अखेर ३० डिसेंबर रोजी बायकामुले, शस्त्रे आणि चीजवस्तू यांसह सुखरूप जाऊ देण्याच्या करारावर अरब शहराबाहेर पडले.

या घटनेकडे दोन नजरांनी पाहता येते. भाडोत्री शिपायांनीही साम्राज्याच्या तोफखान्याला दरवाजातून परत पाठविले, याचा अभिमान एका नजरेला वाटेल. पण दुसरी नजर तटाच्या आतल्या गल्ल्यांकडे वळते. त्या पंधरवड्यात नागपुरात राहणारा कोष्टी, तेली, सोनार, पुराणिक, पाणी भरणारी बाई यांना ही लढाई हवी होती काय, हे कोणी विचारले होते? ज्यांच्यासाठी तट बांधला, त्यांचा त्या तटाच्या लढाईत आवाज नव्हता. राजाचे प्रयोजन संपल्यावर शहराचे रक्षण हे थकलेल्या पगाराच्या वसुलीचे साधन होऊन बसले होते. शहर वाचले ते दरवाजावरच्या शौर्याने नव्हे. दोन्ही पक्षांना एक आठवडा लढून करार सुचला, म्हणून ते वाचले.

मराठ्यांच्या इतिहासात याहून उजळ उदाहरण वसईचे आहे. १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. सुरुंगांनी तट फोडले, हजारो मराठे कामी आले. एवढे रक्त सांडल्यावर विजयी सैन्याचा हात आवरणे सोपे नसते. तरीही मे महिन्यात तह झाला तेव्हा पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रे, कुटुंबे व मानमरातब यांसह जाण्याची मुभा मिळाली आणि जे राहू इच्छीत होते त्यांच्या धर्माला अभय मिळाले. पोर्तुगीजांच्या राजवटीत धर्मच्छळ सोसलेल्या मुलखात हे अभय दिले गेले, हे विसरून चालणार नाही. तह करणे ही दुर्बळाची लाचारी नसून कित्येकदा समर्थाचा पराक्रम असतो, ही समज त्या काळी होती.

तट गेला, शहर उरले

विसाव्या शतकात तट निरुपयोगी झाले. विमान तटावरून उडते आणि लांब पल्ल्याच्या तोफेला दरवाजा लागत नाही. तट गेल्यावर शहरांवरचे संकट टळेल, असे कोणास वाटले असेल तर ते खोटे ठरले. कारण तट गेला आणि त्याच्या जागी अख्खे शहरच तट झाले. सिमेंट-काँक्रीटची प्रत्येक इमारत बुरूज, प्रत्येक तळघर दारूगोळ्याचे कोठार, प्रत्येक गटार भुयार. ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मन विमानांनी स्टालिनग्राड शहर भाजून काढले, तेव्हा त्या ढिगाऱ्यांनीच पुढे जर्मन रणगाड्यांची वाट अडविली आणि रशियन सैनिकाला लपावयास जागा दिली. उभ्या शहरापेक्षा पडलेले शहर लढवावयास सोपे जाते, हा धडा तेव्हापासून प्रत्येक सेनापतीने गिरविला आहे. त्या शहरातील लाखो रहिवाशांच्या वाट्याला काय आले, हा धडा मात्र फारशा सेनापतींनी गिरविलेला नाही.

चढाई करणाऱ्याचा हिशेब सरळ असतो. गल्लीत शिरलेला सैनिक प्रत्येक खिडकीला भितो, म्हणून तो खिडकीवर तोफ डागतो. तोफ पुरत नाही म्हणून विमान बोलावतो. १७ मार्च २०१७ रोजी इराकमधील मोसुल शहरात एका घराच्या छपरावर बसलेल्या दोन नेमबाजांना मारण्यासाठी अमेरिकी विमानाने बॉम्ब टाकला आणि त्या घरात आसऱ्याला आलेले शंभराहून अधिक नागरिक दगावले. अमेरिकेच्या लष्करी चौकशीनेच हे मान्य केले. त्या घरात स्फोटके साठविलेली होती, असेही त्या चौकशीने म्हटले. समजा ते खरे मानले, तरी त्यावरून एवढेच सिद्ध होते की आतला आणि वरचा अशा दोन्ही योद्ध्यांच्या हिशेबात तळमजल्यावरची माणसे नव्हती. मोसुल राखणाऱ्या अतिरेक्यांनी पळून जाणाऱ्या नागरिकांवर गोळ्या झाडल्या. ज्यांचे रक्षण करावयाचे त्यांनाच ढाल करून पुढे धरणे, हे आधुनिक वेढ्याचे सर्वांत लाजिरवाणे लक्षण होय.

आणि जेथे गोळी पोहोचत नाही तेथे तहान पोहोचते. एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६ अशी जवळजवळ चार वर्षे बोस्नियाची राजधानी सारायेव्हो वेढ्यात होती. पाण्याचे नळ कोरडे पडले, तेव्हा बिअरच्या जुन्या कारखान्यातील झऱ्यावर नागरिक रांगा लावीत आणि भोवतालच्या टेकड्यांवरून तोफा अशा रांगांवरच डागल्या जात. विमानतळाखालून खणलेल्या सुमारे आठशे मीटर लांबीच्या भुयारातून पीठ, औषधे, शस्त्रे आणि जखमी माणसे ये-जा करीत. २०१२ साली त्या शहराच्या मुख्य रस्त्यावर मृतांच्या स्मरणार्थ लाल खुर्च्या मांडण्यात आल्या. त्या ११,५४१ होत्या. मार्च २०२२ मध्ये युक्रेनच्या मारियुपोल शहरातील नाट्यगृहाच्या अंगणात, आकाशातून वाचता यावे इतक्या मोठ्या अक्षरांत रशियन भाषेत ‘मुले’ असे लिहिलेले होते. तरीही ते नाट्यगृह बॉम्बने उद्ध्वस्त केले गेले. गाझा पट्टीत ऑक्टोबर २०२३ पासून जे घडले त्यात तेथील आरोग्य खात्याच्या नोंदींप्रमाणे साठ हजारांहून अधिक माणसे मेली. त्या युद्धाचा आरंभ ज्या हत्याकांडाने व अपहरणांनी झाला त्याला क्षमा नाही. पण त्याच्या उत्तरादाखल अवघी लोकवस्तीच भुकेच्या व बॉम्बच्या वेढ्यात धरली जावी, यालाही क्षमा नाही.

मनिला, ढाका आणि पणजी

शहर लढवावे की सोडावे, हा निर्णय ज्याच्या हाती असतो त्याच्यावर इतिहासाचा मोठा भार असतो. फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकी फौजा मनिलाच्या वेशीवर आल्या, तेव्हा जपानी सेनापती यामाशिताने शहर सोडण्याचे ठरविले होते. परंतु तेथील नौदलाचा अधिकारी इवाबुची याने ते मानले नाही आणि इमारतीमागून इमारत लढविली. महिनाभरात सुमारे एक लाख नागरिक मेले. काही जपान्यांच्या कत्तलीत, काही अमेरिकी तोफांच्या माऱ्यात. पूर्वेकडील एक अत्यंत देखणे शहर नकाशावर नावापुरते उरले. आणि युद्धाचा निकाल? तो एका दिवसानेही बदलला नाही.

डिसेंबर १९७१ मध्ये ढाका त्याच कड्यावर उभे होते. पाकिस्तानी सेनापती नियाझी याने पूर्व बंगालातील गावे व शहरे किल्ल्यांप्रमाणे लढविण्याची योजना आखली होती. भारतीय सैन्याने ती ठाणी वळसा घालून मागे टाकली आणि राजधानी गाठली. १६ डिसेंबर रोजी नियाझीने शरणागती पत्करली आणि ढाक्याच्या गल्ल्यांत लढाई झाली नाही. त्या नगरीने मार्चपासून जो नरसंहार सोसला होता, आणि शरणागतीच्या दोनच दिवस आधी तिच्या विद्वानांना वेचून मारले गेले होते, ते कोणत्याही शरणागतीने भरून येणारे नव्हते. पण त्यावर आणखी एका मनिलाचा थर चढला नाही, हे भारतीय सेनापतींच्या युद्धकौशल्याचे आणि वेळीच केलेल्या वाटाघाटींचे फळ होते.

आता आपल्या अंगणाकडे वळू. डिसेंबर १९६१ मध्ये लिस्बनहून सालाझारने गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा याला निरोप पाठविला. शरणागती नको, पोर्तुगीज सैनिक व खलाशी एकतर विजयी असावेत किंवा मृत असावेत, आणि निदान आठ दिवस झुंज चालावी, असा त्याचा आशय होता. आठ दिवस कशासाठी? जगात ओरड करावयास वेळ मिळावा म्हणून. म्हणजे पणजी, म्हापसा, मडगाव व वास्को येथील घरे, देवळे, चर्च आणि माणसे ही लिस्बनच्या राजनीतीला आठ दिवसांची उसंत मिळवून देण्यासाठी जाळावयाची होती. १८ डिसेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी काही पूल उडविले. अफोंसो द आल्बुकर्क ही त्यांची युद्धनौका मुरगाव बंदरात झुंजली आणि निकामी झाली. १९ तारखेला भारतीय जवान पणजीत पोहोचले आणि त्याच दिवशी रात्री वास्कोत शरणागती झाली. शहरे राखरांगोळी करून मागे हटण्याचा आदेश गव्हर्नर जनरलने अमलात आणला नाही. मायदेशी परतल्यावर त्याची सैन्यातून हकालपट्टी झाली. १९७४ च्या क्रांतीनंतर ती रद्द करण्यात आली.

ज्या सत्तेने गोमंतकाच्या सुपुत्रांना आग्वादच्या कोठडीत डांबले, सत्याग्रहींच्या छातीवर गोळ्या झाडल्या, त्या सत्तेच्या शेवटच्या प्रतिनिधीबद्दल चांगला शब्द लिहिणे स्वातंत्र्यलढ्याचा अभिमान बाळगणाऱ्या लेखणीला जड जाते. तरीही तो लिहिला पाहिजे. त्याने गोवा सोडले म्हणून नव्हे; ते त्याला सोडावेच लागणार होते. पणजीच्या फोंताइन्यासमधील घरे, मांडवीकाठची रस्त्याची वळणे, मडगावचा बाजार जे आज उभे आहेत, त्याला मुख्य कारण मुक्तिसेनेचा वेग व संयम हे आहे. आणि दुसरे, लहानसे पण खरे कारण, एका परक्या अधिकाऱ्याने दूरच्या हुकुमापेक्षा समोरच्या माणसांचे ऐकले, हे आहे.

झुंज केव्हा न्याय्य?

मग काय, वेढा पडला की दरवाजे उघडावेत? असा अर्थ कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाही. नोव्हेंबर १९४७ ते नोव्हेंबर १९४८ असे वर्षभर जम्मू-काश्मीरमधील पूंछ शहर टोळीवाल्यांच्या व पाकिस्तानी सैन्याच्या वेढ्यात होते. आत मूठभर सैन्य आणि सुमारे चाळीस हजार निर्वासित. ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांनी शहर सोडले नाही. आधी त्यांनी अन्नाचा विचार केला. भोवतालच्या शेतांतून धान्य आणण्यासाठी लष्करी तुकड्या बाहेर काढल्या. मग निर्वासितांच्याच हातांनी धावपट्टी तयार करविली. त्या कच्च्या पट्टीवर एअर कमोडोर मेहेरसिंग यांनी डाकोटा विमान उतरविले आणि तेथून औषधे व तोफा आत आल्या, जखमी व निर्वासित बाहेर गेले. ही खरी नगररक्षा. येथे लोक तटासाठी नव्हते, तट लोकांसाठी होता.

लेनिनग्राडचे उदाहरण याहून भीषण आहे. सप्टेंबर १९४१ पासून जानेवारी १९४४ पर्यंत ८७२ दिवस ते शहर वेढ्यात राहिले. पहिल्या हिवाळ्यात श्रम न करणाऱ्या माणसाला दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे. आठ लाखांहून अधिक नागरिक मेले, ते बहुतांशी उपासमारीने. त्यांनी शरण का जाऊ नये, असा प्रश्न सहज मनात येईल. उत्तर असे की शरणागती स्वीकारावयाचीच नाही, शहर पुसून टाकावयाचे, असा हिटलरचा निर्णय झालेला होता. जेथे शरणागतीनंतरही मरणच आहे तेथे झुंज हीच जीवरक्षा ठरते. पण तेथेही गोठलेल्या लाडोगा सरोवरावरून जो रस्ता काढला, ज्याच्यावरून पीठ आत आले आणि लाखो बायकामुले बाहेर गेली, तो रस्ता हाच त्या बचावाचा प्राण होता.

यावरून तीन कसोट्या निघतात. पहिली, शहर पडल्यावर त्यातील माणसांचे काय होणार? छळ व संहार होणार असेल तर झुंज कर्तव्य आहे. केवळ झेंडा बदलणार असेल तर एकाही मुलाचा जीव त्यावर ओवाळून टाकण्याचा कोणाला अधिकार नाही. दुसरी, ज्यांना बाहेर जावयाचे आहे त्यांना वाट दिली आहे काय? आणि तिसरी, राखणारा आधी काय मोजतो, काडतुसे की भाकरी? पूंछने भाकरी मोजली. मनिलाने काडतुसे मोजली.

आंतरराष्ट्रीय कायद्याने या कसोट्या काही अंशी मान्य केल्या आहेत. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे सतरावे कलम म्हणते की वेढलेल्या जागेतून जखमी, आजारी, वृद्ध, मुले व बाळंतिणी यांना बाहेर काढण्यासाठी दोन्ही पक्षांनी स्थानिक समझोते करण्याचा प्रयत्न करावा. ‘करावेत’ असे ते म्हणत नाही, ‘प्रयत्न करावा’ म्हणते, आणि त्या एका शब्दाच्या फटीतून किती मुले निसटली नाहीत ते जगाने पाहिले आहे. १९७७ च्या पहिल्या पूरक करारनाम्याने नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून निषिद्ध केले, दाट वस्तीत लष्करी लक्ष्ये ठेवू नयेत असे राखणाऱ्यालाही बजावले आणि बचावाविना सोडलेल्या शहरावर हल्ला करण्यास मनाई केली. आपल्या देशाने या करारनाम्यावर अद्याप मान्यतेची मोहोर उठविलेली नाही. त्यामागे सरकारची काही कारणे असतील. ती संसदेत सांगितली जावीत व त्यांवर चर्चा व्हावी, एवढी अपेक्षा करणे गैर नाही.

आपले काम

कायदा कागदावर असणे आणि तो पात्रात उतरणे यांत अंतर असते, हे पांढुर्ण्याइतके कोणाला माहीत असणार? दरवर्षी तेथे जमावबंदीचे हुकूम निघतात, गोफणींवर बंदी येते, पोलिसांच्या तुकड्या उभ्या राहतात, डॉक्टर व रुग्णवाहिका सज्ज होतात. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू आणून ठेवले. लोकांनी ते दूर सारून दगडच उचलले. हुकुमाने दगड थांबले नाहीत. संध्याकाळी ते थांबतात ते दोन काठांच्या संमतीने. ज्या दिवशी हीच जाणती माणसे संध्याकाळची ही संमती सकाळीच करतील, आणि एकही कपाळ न फोडता चंडीचा झेंडा देवळात नेतील, त्या दिवशी परंपरा बुडणार नाही; तिचा जो उत्तम भाग आहे तोच उरेल. पांढुर्णा-सौंसरचा नवा जिल्हा आपले नाव देशाला दगडफेकीच्या छायाचित्रांतून कळवू इच्छितो की या समजुतीतून, हे तेथील मराठी समाजाने ठरवावयाचे आहे. सरकारने डॉक्टर पाठवावेत, पण डॉक्टर पाठवून आपले काम संपले असे मानू नये.

आणि आमचे, किनाऱ्यावरच्या लोकांचे काम काय? मे २०२५ मध्ये पूंछ पुन्हा तोफांच्या माऱ्याखाली आले आणि दहाहून अधिक नागरिक त्यात बळी पडले. सीमेवरच्या त्या शहरात लोकांना आसरा घ्यावयास पुरेशी तळघरे नव्हती, ही तक्रार तेव्हा कानी आली. त्याच सप्ताहात देशभर नागरी संरक्षणाची तालीम झाली, भोंगे वाजले, गोव्यातही ते वाजले आणि दुसऱ्या दिवशी आपण ते विसरलो. नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ पासून पुस्तकात आहे. वास्को शहराकडे एकदा कायद्याच्या नजरेने पहा: बंदर, नौदलाचा विमानतळ, इंधनाच्या टाक्या आणि त्यांच्या कुशीत हजारोंची दाट वस्ती. लष्करी लक्ष्य आणि पाळणाघर यांत हाकेचे अंतर नसावे, असे जो नियम सांगतो त्याचा विचार नगररचनेच्या आराखड्यात कोणी करतो काय? संकट आले तर या वस्तीने कोणत्या रस्त्याने बाहेर पडावे, विहिरी कोणत्या, कोणत्या शाळेत रुग्णालय उभारता येईल, अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोणत्या घरांत आहेत, याची यादी कोणत्या पंचायतीपाशी व कोणत्या नगरपालिकेपाशी आहे? ही यादी करावयास तोफा लागत नाहीत व परदेशी तज्ज्ञही लागत नाहीत. वॉर्डातील शिक्षक, परिचारिका, सेवानिवृत्त जवान आणि महाविद्यालयातील मुले यांनी मनावर घेतले तर महिन्याभरात ती होईल. पूर आला, आग लागली, बंदरात वायुगळती झाली, तरी हीच यादी कामी येईल.

शहराचा तट आता दगडांचा राहिलेला नाही. कोणत्या घरात कोण आहे हे ठाऊक असणारे शेजारी, भरलेली विहीर, उघडी वाट आणि वेळीच तह करण्याचे धैर्य असलेला अधिकारी, एवढाच तट आता शिल्लक आहे. तो बांधण्यास युद्धाची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नगरपालिकेने आपल्या सभेत या यादीचा ठराव आणावा, अशी आमची सूचना आहे.